खालतपुऱ्याचा आउटफॉल

"पाय नको हालवू व माय. पाणी पाहुणं हाये. बसन घडीभर अन् जाईन उठून."

सोजराबाईचा हा आवाज आपल्या अंगात कुठं राहतो, ते अश्विनीला कधी उमगलं नाही. कानात म्हणावं तर तो खालून येतो. तळपायांतून वर चढतो, पोटऱ्यांतून, मांड्यांतून, आणि गळ्याशी आला की थांबतो. भाजी फोडणीला टाकताना येतो. नवऱ्याशी गोडीगुलाबीनं चाललेल्या बोलण्यात मध्येच येतो, आणि मग ती काय बोलत होती तेच विसरून जाते. सोजराबाई शेजारीण होती. नात्याची ना गोत्याची, भिंतीला भिंत लागून राहणारी एकटी बाई. तिचा चेहरा अश्विनीला आठवत नाही. हातावरचं हिरवं गोंदण तेवढं आठवतं, आणि हा आवाज. आज तो आला तेव्हा ती बुलढाण्याच्या ऑफिसात संगणकापुढे बसली होती, आणि संगणकानं तिनं आखलेलं गटारींचं सगळं जाळं चालवायला नकार दिला होता. पडद्यावर लाल अक्षरांत एक ओळ आली: या जाळ्याला बाहेर पडायला जागा नाही. खरंच नव्हती. चूक तिचीच होती. गावातल्या साऱ्या गटारी तिनं मांडल्या होत्या, एसटी स्टँडची, बाजारपेठेची, कॉलेजच्या उतारावरची. कुठं किती पाऊस पडणार, कुठल्या पाइपातून किती वाहणार, सगळं भरलं होतं. एवढं पाणी गोळा करून आणलं आणि शेवटी ते सोडायचं कुठं, तेवढंच मांडायचं राहिलं होतं. ती जागा मांडायची म्हणजे आउटफॉल मांडायचा. जाळ्यातला सगळ्यात खालचा बिंदू. पडद्यावर तो उलट्या त्रिकोणासारखा दिसतो, टोक खाली. तो कुठं येणार ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. गावामागचा नाला, आणि नाल्याच्या कुशीतला खालतपुरा. तिचं माहेर.

तिनं त्रिकोण ठेवला. लगेच एक चौकट उघडली. कसा आउटफॉल? मोकळा की बांधलेला? मोकळा म्हणजे फ्री: पाणी तिथून बाहेर पडलं की पडलं, पुढून त्याला कुणी अडवत नाही. बांधलेला म्हणजे पलीकडे आधीच पाणी उभं आहे, त्याची उंची आपण सांगायची, आणि मग आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर जातंय की मागे फिरतंय ते मॉडेल बघतं. फ्री केला की पुढचं काही विचारायचं नाही. नाला पुढं कुठं जातो, त्याच्या काठाला कुणाची चूल पेटते, मॉडेलच्या दृष्टीनं तिथं जग संपतं. अश्विनीचं बोट माउसवर तसंच राहिलं. समोरच्या टेबलावरून गोपालनं हाक मारली, "म्याडम, रन झालं का? सर इचारून राह्यले." गोपाल दुसरबीडचा, सर्वेला तोच जातो, तिपाईवरची दुर्बीण खांद्यावर टाकून गावोगाव हिंडतो. तो चांगला पोरगा आहे. मागच्या आठवड्यात खालतपुऱ्यात तो तिच्या शेजारी उभा होता आणि त्याला काहीही कळलं नव्हतं.

त्या दिवसापासूनच तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. नाल्याच्या तळाची लेव्हल घेऊन झाली होती आणि रिवाजाप्रमाणे आता काठच्या लोकांना विचारायचं होतं, पूर कधी आला, कुठवर आला. आपलं माहेर इथंच आहे हे तिनं गोपालला सांगितलं नव्हतं. गल्लीत शिरल्यावर कुणी ना कुणी 'अश्वे' म्हणून हाक मारीलच, मग हसत सांगू, असं तिनं मनाशी धरलं होतं. तिची जीप बघून सारा पुरा ओट्यांवर आला. हिंमतराव आला, ज्याच्या खांद्यावर बसून तिनं पोळ्याचे बैल पाहिले होते. आणि तिचं नाव कुणीच घेतलं नाही. "या म्याडम. बसा म्याडम. म्याडमले खुर्ची आण बे." हिंमतरावचे डोळे तिच्या डोळ्यांना एकदा भिडले आणि सरळ निघून गोपालच्या दुर्बिणीवर बसले. "पूर? आमच्या इथं? म्याडम, आमच्या इथं प्यायले पाणी येत नाई आठ-आठ दिवस, पुराचं कुठून येईन?" लोक हसले. गोपालही हसला. मग तो पुढच्या दारी गेला. दारात आई बसली होती, सत्यभामाबाई, मेथीच्या जुड्या बांधत. पदर डोक्यावर नीट घेऊन तिनं वर पाहिलं, लेकीकडे नव्हे, लेकीच्या हातातल्या पेनाकडे.

"मावशी, तुमच्या घरात कधी पाणी शिरलं होतं का?" गोपालनं विचारलं.

"नाई बाप्पा," आई म्हणाली. "कधीच नाई. लिहून घ्या म्याडम."

म्याडम. अश्विनीनं लिहून घेतलं. आपल्याच हातानं, आपल्याच घरापुढं उभं राहून. तिला हसू यायला हवं होतं, राग तरी यायला हवा होता. त्याऐवजी तिला भुलाबाईची खिरापत आठवली. भादव्यात पोरी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत जायच्या, आणि गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा पुढं करायची. आत काय आहे ते ओळखा. पोरी डबा हलवून बघत, हुंगून बघत, लाडू, चुरमुरे, भिजवलेली डाळ म्हणत, आणि बाई नुसती मान हलवत राही. तसा सगळा पुरा तिच्यापुढं झाकलेला डबा धरून उभा होता. का ते तिला समजत होतं. दुसऱ्या एका गावात नदीकाठी निळी रेघ मारली गेली, पूररेषा. रेघेच्या आतल्या घरांना मग ना बांधकामाची परवानगी, ना बँक दारात उभी करी, ना कुणी पोरगी देई. ती बातमी बाजाराच्या पिशव्यांतून इथवर आली होती. पाणी आलं होतं म्हटलं की रेघ येते. पाणी येऊन निघून जातं, रेघ राहते.

पण ती त्या घरात होती. पाणी आलं तेव्हा ती शाळेतही जायला लागली नव्हती. आई-बाबा भाजी घेऊन अमडापूरच्या बाजाराला गेले होते आणि तिला सांभाळायला सोजराबाई त्यांच्याच घरी येऊन बसली होती. भुलाबाईचेच दिवस. भिंतीतल्या दिवळीत मातीची भुलाबाई बसवली होती, हळदीकुंकवानं माखलेली, आणि पाण्यानं आधी तिलाच नेलं. कमरेपासून विरघळत विरघळत ती दिवळीतच बसली, जशी दमलेली बाई बसते. पाणी वरून आलं नाही, हे अश्विनीला पक्कं आठवतं. पाऊस तर थांबला होता. उजेडही होता, मळकट पिवळा, तिन्हीसांजेचा. पाणी नाल्याकडून आलं, उलटं. पुढं नदी फुगली होती, ती नाल्याला आत घेईना, आणि नाला आल्या पावली माघारी निघाला. दारातून एक चप्पल आत आली, नाल्याकडून गावाकडं पोहत, आणि तिला फार गंमत वाटली होती. मग गंमत गेली. मग सोजराबाईनं तिला उचलून ज्वारीच्या कोठीवर उभं केलं. "वरच्या लाकडाले धर. घट्ट धर. पाय नको हालवू." ती छताच्या लाकडाला मिठी मारून उभी राहिली, तोंड पत्र्याला लागलेलं, आणि खालून सोजराबाई बोलत राहिली, मग गात राहिली:

पाण्या रं पाहुण्या, बस उंबऱ्याशी
निजलं लेकरू, येऊ नको उशाशी

हीच ओवी, पुन्हा पुन्हा. जात्यावर बसल्यासारखी, एका लयीत. कोठी ऊबदार होती. तळपायांखाली ती ऊब तिला अजून लागते. साठवलेलं धान्य आतून तापतं हे तिला पुढं कुठंतरी वाचायला मिळालं तेव्हा बरं वाटलं होतं, एक कोडं सुटलं म्हणून. गाणं केव्हा थांबलं ते कळलं नाही. मग बऱ्याच वेळानं डोक्यावरचा पत्रा करकरत उचकटला, आभाळ दिसलं, आणि हिंमतरावचे हात आत आले. "सोजराबाई कुठं गेली?" दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं तेव्हा आई म्हणाली, "पोरीकडं गेली. धामणगाव बढ्याले." बरं. ती धामणगाव बढ्याला गेली. तिचं घर पडलं होतं, तिथं पुढं हिंमतराव शेळी बांधू लागला. दर वर्षी भुलाबाईच्या खिरापतीतून आई सोजराबाईचा वाटा काढून ठेवी आणि सकाळी तो त्या शेळीपुढं ठेवी. अश्विनी मोठी झाली, ती नकाशे वाचायला शिकली, धामणगाव बढे काही परदेशात नाही हे तिला कळलं, तरी एवढ्या वर्षांत सोजराबाई एकदाही कशी आली नाही हे तिनं विचारलं नाही. काही प्रश्न आपण विचारत नाही, कारण उत्तर आपल्या आधीच घरात येऊन बसलेलं असतं. एक मात्र होतं. घोट्यांना काही आवळलं की तिचा जीव कासावीस होई. मोजे नकोत, पैंजण नको. लग्नात सासूनं हौसेनं तोरड्या घडवून आणल्या आणि त्या पायांत चढवताच ती भर मांडवात थरथरायला लागली. आईनं विहीणबाईंना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. तोरड्या मुकाट डब्यात गेल्या. काय सांगितलं, तेही तिनं विचारलं नाही.

"काय अडलंय?" अविनाश सर तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. सर वाईट नाहीत. कामात चोख, माणसांना सांभाळून घेणारे. त्यांनी वाकून पडदा पाहिला. "हं, आउटफॉल. फ्री कर ना. नाला चांगला खोल आहे."

"सर, पुढं नदी फुगली तर पाणी मागे येतं."

"येतं असं कोण म्हणतं?"

तिनं सर्वेची वही उघडली आणि परत मिटली.

"गोपाल, काठावरचं काय म्हणणं आहे?"

"सर, कोणीच नाई म्हनलं. एकानं तं आपलीच मजा घेतली."

"मग झालं तर," सर म्हणाले. "अगं, मी काही हट्ट धरत नाही. आकडा दे, पाण्याची उंची दे, मी बांधलेला आउटफॉल मान्य करतो. पण निदान एखादा माणूस तरी म्हणाला पाहिजे की पाणी इथवर होतं. नुसतं 'मला वाटतं' हे मॉडेलात चालत नाही."

ते गेल्यावर तिनं फ्री करून पाहिलं. जाळं चाललं. एकूण एक पाइप हिरवा झाला, गावभर हिरवळ पसरावी तसा. एसटी स्टँडपुढचं तळं गेलं, पेठेतलं पाणी गेलं, सगळं भराभर खाली आलं आणि त्रिकोणाच्या टोकातून निघून गेलं. कुठं गेलं? मॉडेलनं विचारलं नाही. मग तिनं बांधलेला करून पाहिला, मनानंच एक उंची टाकली. खालतपुरा लाल झाला. दुसरी टाकली, लाल वर सरकलं, शाळेपर्यंत. पूर्वी वरचं पाणी वाटेत मुरत, साचत, रेंगाळत यायचं. आता सिमेंटचा नवा नाला ते एका दमात आणून आईच्या दारामागं ओतणार, आणि त्याच वेळी नदी दार लावून बसली असेल, तर ते उंबऱ्याशी बसणार नाही. फ्री म्हणावं तर तिच्या आईच्या घरात पाणी. बांधलेला म्हणावं तर तिच्या आईच्या घरावर रेघ. यातलं एक तिनं आपल्या बोटानं दाबायचं होतं, आणि त्यासाठी तिला खरी उंची हवी होती. डोळे मिटून तिनं आठवायचा प्रयत्न केला. पाय ओले झाल्याचं आठवत नव्हतं. अगदी शेवटपर्यंत नाही. म्हणजे पाणी कोठीच्या वर आलं नाही. म्हणजे कोठी किती उंच होती एवढं कळलं की झालं. इतकं सोपं. तिला स्वतःचंच नवल वाटलं. एका कोठीची उंची विचारायला माहेरी जायचं.

रविवारी ती चिखलीवरून एसटीनं गेली. दुपारची वेळ, पुरा निजलेला. हिंमतराव त्या मोकळ्या जागेत शेळीला पाला टाकत होता. या खेपेला जीप नव्हती, गोपाल नव्हता.

"आली का व अश्वे?" तो म्हणाला, जसं काही मागच्या आठवड्यात दुसरीच कुणी येऊन गेली. "जेवाले थांबजो. तुही माय वांगे भाजून राह्यली."

"मागच्या बारीले म्याडम म्हनलं तुम्ही मले, काका."

"तवा तू म्याडम होती," हिंमतराव म्हणाला, आणि शेळीच्या पाठीवर हात फिरवत राहिला.

घर आता विटांचं होतं, पण त्याच जोत्यावर, त्याच कोपऱ्यांवर उभं. आईनं ताट वाढलं. भरीत, भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. ती घास मोडत बसली आणि बाहेर शेळी ओरडत राहिली.

"आई, तू नाई काऊन म्हनलं?"

"मग काय म्हनू? हे घर सोडून या वयात कुठी जाऊ? तुह्या सासरी?" आईनं तव्यावरची भाकर उलटवली. "पुऱ्यानं ठरवेल होतं. एकीनं फोडलं तं साऱ्याइचं जाते."

"आई, आता वरचं सारं पाणी इकडं येणार हाये. मोठा नाला करून राह्यले. मी नाई मांडलं तर कोनी दुसरा मांडन, पन येणार इथंच." ती कित्येक वर्षांनी घरच्या बोलीत एवढं बोलत होती. "मले एकच सांग. ते पाणी मी कोनाचं नाव न घेता मांडीन. ज्वारीची कोठी किती उंच होती?"

"कोनती कोठी?"

"पाणी आलतं तवा मी उभी होती ती."

आईचा हात तव्यावर थांबला. भाकरीला पापुद्रा आला, फुगला, एका कडेनं फुटला आणि वाफ निघून गेली. आईनं ती काढली नाही. भाकर करपायला लागली, घरभर वास झाला, तरी काढली नाही. अश्विनीला वाटलं, उठावं आणि निघून जावं, शेवटची एसटी आहे म्हणावं. तळपायांखालून ती ऊब वर चढायला लागली होती. घोट्यांभोवती काहीतरी हळूच आवळत होतं.

"आपल्या घरात कोठी नव्हती," आई म्हणाली. "आपली कुठली आली ज्वारी, साठवाले? आपन भाजीवाले. आजची आज आनायची न् खायची."

"मग मी कशावर..."

आई उठली. गुडघ्यांवर हात देऊन, सावकाश. चुलीमागच्या कोपऱ्यात जाऊन तिनं दोन्ही भिंतींच्या सांध्यात पाठ घट्ट टेकवली, पाय जुळवून रोवले. मग दोन्ही हात वर उचलले, खांद्यांपर्यंत, आणि कानांच्या दोन बाजूंना मुठी वळल्या, जसं काही तिथं खांद्यांवर कुणीतरी उभं आहे आणि त्याला धरून ठेवायचं आहे. ती तशीच उभी राहिली. हातावरच्या बांगड्या घसरून कोपरांपाशी गेल्या.

"अशी होती ती," आई म्हणाली. "माह्याच एवढी होती उंचीले. मोजून घे." एक मूठ सोडून तिनं बोट आधी हनुवटीला लावलं, मग ओठांना, मग नाकाच्या वर, डोळ्यांखाली. "पाणी इथवर आलतं. तुहे पाय बी बुडेल होते, तुले आठोत नाई. वरून सरकारी मानसं इचारू आले तं, घरं उठवतीन म्हून पुऱ्यानं सांगतलं, छातीत कळ आली तिच्या. अन् तुले मी धामणगाव सांगतलं. लेकरू होती तू. कायले त्या भारानं वाढवू तुले? मांड आता तुह्या मशीनमंदी, इथवर. पुरा मले शिव्या देईन. देऊ दे."

अश्विनीनं पाय पोटाशी ओढून घेतले होते आणि दोन्ही हातांनी स्वतःचे घोटे धरले होते.

आईनं सुटलेली मूठ पुन्हा कानाजवळ नेली. वळली. "पाय नको हालवू म्हने ना ती तुले?" ती म्हणाली. "तोल जात होता तिचा, माय. हिंमतरावनं पत्रा काढला तं तुले वर ओढताच येईना त्याले. ती तं कधीची गेलती. पन हात सुटूनच नव्हते राह्यले तिचे."